पुडीपासून पानापर्यंत: रोजच्या जेवणातले मीठ कमी करण्याची रीत

रक्तदाब वाढल्याचे निदान झाले की डॉक्टर औषधांच्या चिठ्ठीबरोबर "मीठ कमी करा" एवढे तीन शब्द सांगतात आणि त्या तीन शब्दांचे नेमके काय करायचे, हे घरच्यांवर सोपवून मोकळे होतात. मग बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. ज्याला रक्तदाब आहे त्याच्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळी अळणी आमटी आणि वेगळी अळणी भाजी शिजू लागते. आमच्याकडे वडिलांच्या बाबतीत हेच झाले. नवव्या दिवशी त्यांनी अळणी दुधीची भाजी ताटाच्या कडेला सारली आणि लोणच्याच्या दोन फोडींशी दोन पोळ्या खाल्ल्या. आठ दिवस भाजीतून वाचवलेले मीठ लोणच्यातून व्याजासह परत आले.

या फजितीनंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती येथे सविस्तर देत आहे. एकट्या माणसाला अळणी जेवू घालण्याऐवजी साऱ्या घराचे मीठ हळूहळू उतरवायचे आणि ते जिभेच्या अंदाजाने न उतरवता मोजून उतरवायचे, एवढाच तिचा गाभा आहे. पाश्चात्त्य देशांत पोटात जाणाऱ्या मिठाचा मोठा वाटा विकतच्या तयार पदार्थांतून येतो, त्यामुळे तेथील सल्ले प्रामुख्याने पाकिटांविषयी असतात. आपल्याकडे अजूनही बरेचसे मीठ घरच्या कढईत आणि पातेल्यात, आपल्याच हाताने पडते. ही आपल्या सोयीची गोष्ट आहे, कारण हात आपला असल्यामुळे तो आवरताही येतो.

किती मीठ पुरेसे

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांतही ५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरता भरलेला नाही. आणि यात भाजी-आमटीपासून पापड, लोणचे, ब्रेड, फरसाणापर्यंत दिवसभराचे सगळे मीठ आले. देशपातळीवरील पाहणीत भारतीय प्रौढांचे सरासरी मीठ दिवसाला सुमारे ८ ग्रॅम आढळले आहे.

मिठात वजनाच्या सुमारे ४० टक्के सोडियम असते आणि शरीराच्या दृष्टीने हिशेब त्याचाच असतो. रक्तातले सोडियम वाढले की त्याच्या प्रमाणात शरीर पाणी धरून ठेवते, वाहिन्यांतून फिरणाऱ्या रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. मूत्रपिंडे जादा सोडियम बाहेर टाकत असतात, परंतु वयाबरोबर आणि विशेषतः मधुमेह असल्यास त्यांची ही क्षमता कमी होत जाते. म्हणून तिशीत जे मीठ निमूटपणे पचले ते पन्नाशीत पचेलच असे नाही.

पहिली पायरी: पुडीचा हिशेब

आपल्या घरात किती मीठ खाल्ले जाते हे विचारल्यावर प्रत्येक घर "आमच्याकडे कमीच असते" असे सांगते. आम्हीही सांगत होतो. खरे उत्तर मिठाच्या पुडीकडे असते. एक किलोची नवी पुडी फोडताना तिच्यावर पेनाने तारीख लिहावी आणि ती संपेल त्या दिवशी दुसरी तारीख लिहावी. मधल्या काळात गुळण्यांसाठी, भाज्या धुण्यासाठी, भांडी घासण्यासाठी किंवा लोणचे घालण्यासाठी लागणारे मीठ वेगळ्या पुडीतून घ्यावे, नाहीतर हिशेब फसतो.

गणित सोपे आहे. चार माणसांच्या घरात किलोभर मीठ ३१ दिवसांत संपले, तर १००० ग्रॅमला ३१ ने भागून दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम आणि माणशी ८ ग्रॅम मीठ झाले. हीच पुडी ५० दिवस पुरली, तर माणशी ५ ग्रॅम. परंतु ५ ग्रॅमची मर्यादा साऱ्या खाण्याची आहे आणि बाहेरून येणारा ब्रेड, बिस्किटे, फरसाण यांतील मीठ पुडीच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून पुडीतून माणशी ४ ग्रॅमच खर्च व्हावे असे धरून चालावे. त्या हिशेबाने चौघांची पुडी ६२ दिवस, म्हणजे दोन महिने, पुरली पाहिजे. घरात लहान मूल असेल तर त्याला अर्धे माणूस धरावे, आणि जो रोज दुपारी बाहेर जेवतो त्यालाही अर्धाच धरावा. त्याचे उरलेले अर्धे मीठ दुसऱ्याच कोणाच्या तरी कढईत पडत असते.

हा हिशेब करताना लगेच काही बदलू नये. पहिली पुडी नेहमीच्याच हाताने संपू द्यावी. आमची पहिली पुडी २९ दिवसांत संपली, तेव्हा आईने आधी पुडीच कमी वजनाची असल्याचा संशय घेतला.

दुसरी पायरी: चिमटीचे वजन

मिठाचे प्रमाण आपल्याकडे हातात असते. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करण्याची रीत असलेल्या घरांत तर हा हात इतका बसलेला असतो की आमटी कधीच बिघडत नाही. त्या हाताला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याचे वजन तेवढे माहीत करून घ्यायचे आहे.

ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील छोटा काटा मिळाल्यास काम सोपे होते. एक-एक चिमट असे काटे नीट दाखवत नाहीत, म्हणून वाटीत सलग दहा चिमटी टाकून एकदम वजन करावे आणि दहाने भागावे. आमच्या घरी आईच्या तीन बोटांच्या दहा चिमटी ११ ग्रॅम भरल्या आणि माझ्या अवघ्या ६. एकाच भाजीला दोघींनी "दोन चिमटी" घातल्या तरी मीठ जवळजवळ दुप्पट पडत होते, आणि "तुझ्या हातची भाजी सपक लागते" या जुन्या वादाचा निकाल त्या दिवशी काट्यावर लागला. चमच्याचेही असेच वजन करावे. मिसळणाच्या डब्यात जो लहान चमचा असतो त्याचे सुरीने सपाट केलेले दहा चमचे मोजावेत आणि त्या दिवसापासून घरातील सर्वांनी मिठासाठी तोच चमचा, तोही सपाट भरून, वापरावा. शीग लावलेला चमचा सपाट चमच्याच्या दीडपट ते दुप्पट मीठ घेऊन येतो.

येथे खडे मिठाविषयी एक सूचना. जाड्या मिठाच्या दाण्यांत पोकळी राहते, त्यामुळे त्याचा चमचाभर बारीक मिठाच्या चमचाभरापेक्षा हलका असतो. वजनाला मात्र दोन्ही सारखीच खारट. घरात दोन्ही वापरत असाल तर दोन्हींचे चमचे वेगळे मोजावेत.

एकदा चमच्याचे वजन कळले की दिवसाचे वाटप करता येते. चार माणसांचे १६ ग्रॅम आम्ही असे वाटतो: सकाळच्या पोह्यांना किंवा उपम्याला ३ ग्रॅम, दुपारच्या भाजीला ३, आमटीला ४, कोशिंबिरीला १ आणि रात्रीच्या उसळीला किंवा खिचडीला ५. अर्थात हे शेवटी गाठायचे मुक्काम आहेत. पहिल्याच दिवशी हे आकडे लावले तर घर बंड करील, आणि त्यात घराची चूक नसेल.

तिसरी पायरी: पंधरा दिवसांनी एक पाऊल

जीभ सरावते. मीठ हळूहळू उतरवले तर साधारण दोन ते तीन महिन्यांत कमी मिठाचे जेवण नेहमीसारखे लागू लागते आणि पूर्वीचे जेवण खारट वाटते. एकदम निम्मे केले तर मात्र तीच जीभ लोणच्याची बरणी शोधते. म्हणून दर पंधरवड्याला दहा टक्के, हा वेग धरावा. दिवसाला ३२ ग्रॅमपासून सुरुवात असेल तर पुढचे आकडे २९, २६, २३, २१, १९, १७ असे येतात आणि साडेतीन महिन्यांत १६ गाठता येते. जेवणाऱ्यांना दहा टक्क्यांचा फरक सहसा जाणवत नाही. जाणवतो तो घोषणा केल्यावर. "आजपासून मीठ कमी" असे जाहीर केलेल्या भाजीत मीठ नेहमीइतके असले तरी कोणीतरी ती अळणी ठरवतेच.

कोठून आधी काढायचे याला क्रम आहे. जे पदार्थ कधीच एकटे खाल्ले जात नाहीत, त्यांतले मीठ सर्वप्रथम काढावे. कणकेत मीठ घालण्याची सवय असेल तर ती सोडावी. पोळी भाजी-आमटीशी खाल्ली जाते, तिच्या अळणीपणाची तक्रार कोणी करत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी तर कितीतरी घरांत पूर्वीपासून बिनमिठाचीच थापतात. भात शिजवताना घातलेले मीठही असेच बिनकामाचे. कणीक आणि भात या दोन ठिकाणचे मीठ काढले की चार माणसांच्या घरात पहिला पंधरवडा भाजी-आमटीला हातही न लावता पार पडतो.

त्यानंतर ताटातले वाढलेले मीठ. पानात सर्वात वर मीठ आणि लिंबाची फोड वाढण्याची आपली पद्धत आहे, परंतु नैवेद्याच्या पानावर अनेक घरांत मीठ वाढत नाहीत. तीच प्रथा रोजच्या पानाला लावावी: लिंबू राहू द्यावे, मीठ काढावे. टेबलावर मिठाची डबी ठेवत असाल तर ती ओट्यावर हलवावी. उठून आणण्याचा कंटाळा येथे मोठे काम करतो.

चौथी पायरी: मीठ केव्हा घालायचे आणि त्याची जागा कशाने भरायची

मीठ कमी करण्याचे खरे कसब येथे आहे, आणि बहुतेकांचा प्रयत्न फसतो तोही येथेच. मीठ काढून घेतले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही, तर पदार्थ सपक होणारच.

आधी वेळेची गोष्ट. पालेभाजी आळते. कढईत डोंगराएवढी दिसणारी मेथी पाच मिनिटांत तळाशी बसते, आणि डोंगराच्या मापाने घातलेले मीठ त्या मूठभर भाजीला भारी पडते. त्यातून पालक, चाकवत यांसारख्या भाज्यांत अंगचाच थोडा क्षार असतो. म्हणून पालेभाजी पुरती आळल्यावर, तिचे खरे आकारमान पाहून मीठ घालावे. एवढ्या एका बदलाने पालेभाजीचे मीठ आमच्याकडे जवळजवळ निम्म्यावर आले. आमटी आणि रस्सा यांचेही तसेच आहे. ते आटतात, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. उकळीच्या सुरुवातीला चवीला बरोबर वाटलेली आमटी वाढेपर्यंत खारट होते. मीठ शेवटच्या उकळीला घालावे आणि चाखताना पळीतली आमटी बशीत ओतून, जराशी निवू देऊन चाखावी, कारण तोंड पोळत असताना खारटपणा नीट कळत नाही.

बटाट्याच्या काचऱ्या, भेंडी, सुरण यांसारख्या कोरड्या भाज्यांत मीठ उतरवताना वरून भुरभुरावे. फोडींच्या बाहेरच्या अंगाला लागलेले मीठ जिभेला थेट लागते, त्यामुळे थोडक्यात काम भागते. कोशिंबिरीचे मीठ मात्र अगदी वाढताना घालावे. काकडी आधीच मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटते, ते पाणी पिळून टाकले जाते आणि मग पुन्हा मीठ घालावे लागते. खमंग काकडीसाठी काकडी चोचवून नुसतीच हाताने पिळावी, दाण्याचा कूट, मिरचीची फोडणी आणि लिंबू घालावे आणि पान वाढताना अर्धा ग्रॅम मीठ शिंपडावे.

आता मिठाच्या जागी काय. पहिला मान आंबटाचा. आंबट चव कमी मिठालाही उठाव देते. लिंबू, चिंच, कैरी, टोमॅटो, आंबट ताक ही सगळी येथे उपयोगी पडतात. भाजीत लिंबू पिळायचे असेल तर आच बंद केल्यावर पिळावे. दुसरा मान भाजलेल्या वासाचा. कोरडे भाजलेले तीळ, खोबऱ्याचा कीस, दाण्याचा कूट, तेलात लालसर परतलेला लसूण यांनी पदार्थाला जो खमंगपणा येतो तो मिठाची उणीव पुष्कळ झाकतो. दुधीची तीच भाजी, जी वडिलांनी कडेला सारली होती, नंतर आम्ही अशी केली: तेलात भरपूर जिरे, हिंग आणि ठेचलेला लसूण लाल होईस्तोवर परतून, भाजी वाफवून, वरून भाजलेल्या तिळाचा कूट आणि अर्धे लिंबू. मीठ नेहमीच्या निम्मे होते. वडिलांनी ती मागून घेतली. मासळीच्या कालवणात तिरफळ, ओले खोबरे आणि चांगला वाटलेला लसूण-मिरचीचा मसाला असेल तर मिठाचा हात आखडता घेणे सोपे जाते. मासळी समुद्राची असल्याने तिच्या अंगीही थोडे सोडियम असतेच.

तिखट वाढवणे हा उपाय अनेकजण सुचवतात. माझे मत थोडे वेगळे आहे. थोडे तिखट मदत करते, पण जास्त तिखट झाले की जीभ पुन्हा मीठ मागते, आणि ठेच्याची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. खर्डा किंवा ठेचा खलबत्त्यात कुटताना मीठ चांगले खडेच्या खडे पडते. ठेचा आवडत असेल तर हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून, भाजलेले दाणे जास्त घेऊन कुटावा. दाण्यांमुळे मीठही पातळ होते आणि तिखटही.

आणि मीठ जास्त पडलेच तर? कणकेचा गोळा किंवा बटाटा टाकण्याचा घरगुती उपाय सांगितला जातो. गोळा आपल्या वाट्याचे खारट पाणी शोषतो, पण मागे राहिलेली आमटी तेवढीच खारट असते. आमटी वाढवावी, म्हणजे पाणी आणि शिजलेली डाळ घालावी, आणि उरलेली दुसऱ्या दिवशी खावी.

पाचवी पायरी: पानाची डावी बाजू

आपल्या ताटात उजवीकडे भाजी-आमटी आणि डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, पापड. आकाराने डावी बाजू चिमूटभर, मिठाने मात्र जड. पुडीचा हिशेब नीट जमूनही रक्तदाब हलत नसेल, तर डावी बाजू तपासावी.

कैरीच्या लोणच्यात एक किलो फोडींना २०० ते २५० ग्रॅम मीठ घालण्याची रीत आहे. तेल-मसाला धरूनही चमचाभर लोणच्यात एक ते दीड ग्रॅम मीठ जाते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा पाव भाग एका चमच्यात. मुरवणीच्या लोणच्यातले मीठ कमी करू नये; ते टिकण्यासाठी असते आणि कमी केले की बुरशी येते. त्याऐवजी मुरवणीचे लोणचे रविवारी आणि सणावारी, छोट्या फोडीने खावे आणि एरवी ताज्या कैरीचे, गाजराचे, किंवा लिंबू पिळलेल्या मुळ्याचे दोन दिवसांत संपणारे लोणचे करावे. ते टिकवायचे नसल्याने मीठ आपल्या मर्जीने घालता येते.

उडदाच्या एका पापडात सुमारे अर्धा ग्रॅम मीठ असते, शिवाय पापडखार हाही सोडियमचाच क्षार आहे. सांडगी मिरची, कुरडया, तांदळाच्या पापड्या यांचा विचार याच वर्गात करावा. उन्हाळ्यात घरी वाळवणे करणाऱ्यांना मोठी संधी असते. चिकात मीठ थोडे कमी घातल्याने कुरडई बिघडत नाही, कारण ती टिकते वाळण्यामुळे.

कोकणातील आणि गोव्यातील वाचकांसाठी एक खास गोष्ट. सोलकढी हलकी आणि पाचक म्हणून भरपूर प्यायली जाते, पण तिच्यासाठी वापरले जाणारे आगळ मिठातच टिकवलेले असते. त्यात पुन्हा मीठ घालणे तर अनाठायीच. शक्य असेल तेव्हा वाळवलेली आमसुले धुऊन, पाण्यात भिजवून कढी करावी. सुक्या मासळीतही फरक आहे. नुसते उन्हात वाळवलेले बोंबील किंवा जवळा आणि मिठात खारवलेला बांगडा यांच्यात मिठाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते. खारवलेली मासळी तासभर भिजवून, दोनदा पाणी बदलून शिजवावी आणि त्या कालवणात वेगळे मीठ घालू नये.

दाण्याची, जवसाची, कारळाची चटणी घरी करत असाल तर तेथेही चमच्याचे माप लावावे. घरचा कांदा-लसूण मसाला कुटताना त्यात खडे मीठ पडते, हे मसाला गिरणीतून आणणाऱ्याच्या लक्षात नसते. असा मसाला घातलेल्या रश्शाला मीठ घालण्याआधी चाखणे आवश्यक आहे.

सहावी पायरी: पाकिटाची मागची बाजू

विकतच्या पदार्थांच्या वेष्टनावर १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम आहे, हे पोषणमूल्यांच्या तक्त्यात छापलेले असते. त्या आकड्याला ४०० ने भागले की मीठ ग्रॅममध्ये मिळते. शेवेच्या पाकिटावर ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर १०० ग्रॅम शेवेत २ ग्रॅम मीठ आहे. मनात ठेवण्यासाठी दोन आकडे पुरतात: १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असलेला पदार्थ कमी मिठाचा, आणि ६०० च्या वर गेलेला खारट. आकडा "एका वाढपामागे" दिला असेल तर ते वाढप किती ग्रॅमचे धरले आहे तेही पाहावे. पाकीट शंभर ग्रॅमचे आणि वाढप वीस ग्रॅमचे, असा प्रकार पुष्कळदा असतो, आणि फरसाण वीस ग्रॅमवर थांबवणारा मनुष्य विरळा.

ब्रेडच्या दोन कापांत साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम मीठ असते. झटपट नूडल्सच्या एका पुडीत दोन ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातले बरेचसे मसाल्याच्या पाकिटात. निम्मे पाकीट घालून गाजर-मटार वाढवले तर मुलांना कळतही नाही. पिवळे विकतचे लोणी मिठाचे असते, घरी घुसळलेले पांढरे लोणी बिनमिठाचे. सॉस, चीज, तयार सूप, चाट मसाला, मसाला ताकाचे पाऊच हे सारे वाचून मगच घ्यावेत.

खारट न लागणारे सोडियमही असते. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम आहे, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभर सोड्यातील सोडियम सुमारे ३ ग्रॅम मिठाइतके होते. ढोकळा, भजी, बेकरीची बिस्किटे यांत तो येतो, आणि आम्लपित्तावर पाण्यात फसफसवून घेण्याच्या चूर्णांतही. रक्तदाबाच्या रुग्णाने असे चूर्ण रोज घेऊ नये.

सैंधव, काळे मीठ आणि कमी सोडियमचे मीठ

उपवासाचे सैंधव आणि गुलाबी मीठ रक्तदाबाला चालते, असा समज घट्ट बसला आहे. सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. त्यातील इतर खनिजे इतकी थोडी असतात की त्यांचा उपयोग सांगण्यापुरताच. काळ्या मिठाचेही तसेच. उलट रोजच्या वापरात सैंधव किंवा मिठागरावरचे खडे मीठ आणल्यास आयोडिनला मुकण्याचा धोका आहे. मीठ कमी खायचे ठरवल्यावर जे खाल ते आयोडिनयुक्तच असू द्यावे. मासळी, दूध, दही, अंडी यांतूनही काही आयोडिन मिळते.

सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले मीठ आता दुकानांत मिळते. याबाबत चांगला पुरावा आहे. चीनच्या ग्रामीण भागात ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु हे मीठ सर्वांसाठी नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनाही हा धोका असतो, आणि रक्तदाबाच्या रुग्णांत ही औषधे सर्रास दिली जातात. त्यामुळे असे मीठ घरात आणण्याआधी घरातील प्रत्येकाची औषधे डॉक्टरांना दाखवावीत. एका पातेल्यातून सारे घर जेवते.

यांनी आपल्या मनाने मीठ कमी करू नये

उन्हातान्हात दिवसभर राबणारे शेतमजूर, लघवी वाढवणारी औषधे घेणारी वृद्ध माणसे, रक्तातले सोडियम एकदा कमी होऊन दवाखान्यात राहावे लागलेले रुग्ण आणि लिथियमच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारूनच या वाटेला जावे. घरातील वयस्कर माणूस एकाएकी सुस्त, गोंधळलेला दिसू लागला तर थांबू नये, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. जुलाब-उलट्यांत दिल्या जाणाऱ्या जलसंजीवनीतले मीठ कधीही कमी करू नये. प्रमाणित पुडीत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ मोजून घातलेले असते आणि ते औषध आहे. वर्षाच्या आतील बाळाच्या वरणभातात मात्र मीठ घालण्याची गरजच नसते. त्याची चव आजीने आपल्या जिभेने ठरवू नये.

बाहेरचे जेवण

येथे फारसे हातात नसते, पण थोडे असते. वडापावाबरोबरची तळलेली मिरची मिठात घोळवलेली असते, ती सोडावी. मिसळीत तर्री आणि फरसाण दोन्ही खारट. फरसाण वेगळे मागवून निम्मे घालावे. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा, पापड आणि लोणचे यांपैकी एक निवडावे. एका जेवणाने बिघडले तर दुसऱ्या दिवशी उपाशी किंवा अळणी राहण्याचे कारण नाही, नेहमीच्या चमच्यावर परत यावे.

मोजणी चालू ठेवणे

घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर आठवड्यातून दोन-तीन दिवस, ठरावीक वेळी, पाच मिनिटे शांत बसून, चहा घेतल्याला अर्धा तास उलटल्यावर दाब मोजावा आणि वहीत पुडीच्या तारखांशेजारीच लिहावा. आकडा उतरू लागला म्हणून गोळी स्वतःहून सोडू नये. वही डॉक्टरांपुढे ठेवावी आणि मात्रा त्यांना ठरवू द्यावी. हात पुन्हा सैल होतो, विशेषतः दिवाळीत आणि पाहुण्यांच्या दिवसांत, म्हणून वर्षातून दोनदा तरी चिमटीचे वजन करावे. आमच्याकडची दुसरी पुडी ३८ दिवस पुरली, तिसरी ५१, आणि आता मिसळणाच्या डब्याशेजारी असलेल्या पुडीवर आईच्या अक्षरात फोडल्याची तारीख आहे आणि तिच्यापुढे संपण्याच्या तारखेसाठी रिकामी सोडलेली जागा.